दोन हंगामी गव्हर्नर-जनरल आणि मुद्रणस्वातंत्र्य

कारभाराच्या जगात हंगामी अधिकाऱ्याकडून फारशी अपेक्षा नसते. कायम नेमणुकीचा माणूस येईपर्यंत त्याने गाडा चालू ठेवावा, तुंबलेले कागद हातावेगळे करावेत आणि नव्या धोरणाचा विषय निघालाच तर तो येणाऱ्याकरिता राखून ठेवावा, असा जुना शिरस्ता आहे. हिंदुस्थानातील कंपनी सरकारच्या इतिहासात मात्र वृत्तपत्रांविषयीचे दोन अत्यंत महत्त्वाचे निर्णय दोघा हंगामी गव्हर्नर-जनरलांच्या हातून झाले. जॉन ॲडम याने १८२३ साली, साडेसहा महिन्यांच्या कारकिर्दीत, छापखान्याच्या गळ्यात परवान्याचा फास अडकवला. बारा वर्षांनी, १८३५ साली, सर चार्ल्स मेटकाफ याने तो सोडवला. त्याच्याही वाट्याला जेमतेम एक वर्ष आले होते. दोघेही एकाच पिढीचे, कंपनीच्या चाकरीत कोवळ्या वयात शिरलेले आणि परस्परांचे स्नेही होते. हैदराबादेत पामर आणि कंपनी या सावकारी पेढीने निजामाच्या दौलतीभोवती जे कर्जाचे जाळे विणले होते ते रेसिडेंट या नात्याने मेटकाफने उघडकीस आणले, आणि ते व्यवहार बंद पाडण्याचा हुकूम सोडला तो ॲडमनेच. तेव्हा एक सज्जन आणि दुसरा दुर्जन, अशी सोपी वाटणी येथे करता येत नाही. प्रश्न दोघांपुढे एकच होता. परक्या राज्यकर्त्यांनी चालवलेल्या राज्यात मोकळे वृत्तपत्र नांदू शकते काय?

ॲडमच्या कारकिर्दीपूर्वी या प्रश्नाला चाळीस वर्षांचा इतिहास होता. कलकत्त्यात २९ जानेवारी १७८० रोजी जेम्स ऑगस्टस हिकी याने आपले ‘बेंगॉल गॅझेट’ काढले, गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि सरन्यायाधीश इम्पे या दोघांनाही दुखवले, तुरुंग भोगला आणि १७८२ साली छापखान्याचे खिळे जप्त झाल्यावर त्याचे पत्र संपले. तरीही हिकीचे प्रकरण हे बरेचसे व्यक्तिगत वैराचे होते. सरकारी धोरण म्हणून नियम आले ते वेलस्लीच्या काळात, मे १७९९ मध्ये. तेव्हा टिपूवरची मोहीम चालू होती, फ्रेंचांची धास्ती होती, आणि कलकत्त्याच्या इंग्रजी पत्रांतून फौजांच्या हालचाली बिनधास्त छापल्या जात होत्या. वेलस्लीने हुकूम काढला की पत्राच्या तळाशी मुद्रकाचे नाव असावे, मालक व संपादक यांनी आपले नाव-ठिकाण सरकारच्या सचिवाला कळवावे, रविवारी पत्र काढू नये, आणि सचिवाने अगोदर तपासल्याखेरीज कोणताही अंक प्रसिद्ध करू नये. मोडल्यास शिक्षा एकच, ती म्हणजे पहिल्या जहाजाने युरोपात रवानगी.

ही शिक्षा नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे नाट्य तिच्याभोवती फिरते. कंपनीच्या मुलुखात राहणाऱ्या इंग्रजाला कंपनीची परवानगी लागे. ती काढून घेतली की त्याला देश सोडणे भाग पडे. न्यायालय, पुरावा, पंच, कशाचीच गरज नव्हती. वेलस्लीच्या डोळ्यांपुढे संपादक म्हणजे इंग्रज एवढेच समीकरण होते. त्यात नवल नाही, कारण १७९९ साली ते खरेच होते. परंतु माणूस येथलाच असला तर त्याला धाडायचे कोठे? हा पेच वीस वर्षे उलटण्याच्या आतच उभा राहिला. कलकत्त्यातील एका पत्राच्या संपादकाचा बाप युरोपीय आणि आई हिंदी होती. तपासनिसाने गाळलेला मजकूर त्याने तसाच छापला आणि आपण या देशातच जन्मलो असल्याने आपणास हद्दपार करता येत नाही, असे स्वच्छ उत्तर दिले. सरकार निरुत्तर झाले. इंग्रज संपादकावर चालणारे आणि देशी माणसावर न चालणारे शस्त्र ठेवण्यात अर्थ नव्हता. ऑगस्ट १८१८ मध्ये मार्क्विस ऑफ हेस्टिंग्जने प्रसिद्धिपूर्व तपासणी उठवली. त्याच्या उदारपणाचे त्या काळी बरेच गोडवे गायले गेले. त्या उदारपणात अडचणीचाही वाटा होता, हे विसरता कामा नये. शिवाय तपासणी गेली तरी मनाई राहिलीच. कंपनीचे डायरेक्टर, कौन्सिलचे सभासद, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश आणि कलकत्त्याचे बिशप यांच्यावर टीका करू नये, एतद्देशीयांच्या मनात धर्माविषयी शंका उत्पन्न होईल असे काही लिहू नये, असे दंडक संपादकांना पाठवण्यात आले.

या थोड्याशा मोकळिकीचा जास्तीत जास्त उपयोग जेम्स सिल्क बकिंगहॅम याने केला. खलाशी, प्रवासी, व्यापारी असे अनेक धंदे करून तो कलकत्त्यास आला होता. २ ऑक्टोबर १८१८ रोजी त्याने ‘कलकत्ता जर्नल’ सुरू केले. मद्रासच्या गव्हर्नरची मुदत लांबल्याबद्दल त्याने लिहिले, बिशपच्या कारभारावर लिहिले, आणि दर वेळी सचिवालयातून आलेल्या तंबीला तितक्याच ठसक्यात उत्तर दिले. हेस्टिंग्ज असेपर्यंत निभावले. कौन्सिलमध्ये ॲडम पहिल्यापासून कडक उपायांचा आग्रह धरून होता. हेस्टिंग्ज जानेवारी १८२३ मध्ये स्वदेशी निघाला, सूत्रे ॲडमच्या हाती आली आणि महिनाभरातच निमित्त सापडले. डॉ. ब्राइस नावाच्या स्कॉच धर्मोपदेशकाला सरकारने कागद, शाई, लेखण्या इत्यादी लेखनसामग्री पाहणाऱ्या समितीचे चिटणीसपद दिले. देवाचा सेवक शाईच्या दौती मोजत बसणार, याची बकिंगहॅमने थट्टा केली. थट्टा फार जहरी होती असे नाही. पण फेब्रुवारीतच त्याचा राहण्याचा परवाना रद्द झाला आणि त्याला हिंदुस्थान सोडावे लागले.

बकिंगहॅम जाता जाता एक चाल खेळून गेला. आपले पत्र त्याने याच देशात जन्मलेल्या, म्हणजे हद्दपारीच्या भयापासून मुक्त असलेल्या माणसाच्या हाती दिले. १८१८ चा पेच पुन्हा जसाच्या तसा उभा राहिला. ॲडमने या वेळी तो कायद्याने सोडवला. १४ मार्च १८२३ च्या या नियमांप्रमाणे गव्हर्नर-जनरलचा परवाना घेतल्यावाचून कोणालाही, मग तो इंग्रज असो वा देशी असो, वृत्तपत्र काढता येईना. अर्जासोबत शपथेवर प्रतिज्ञालेख द्यावयाचा, परवाना सरकारला वाटेल तेव्हा परत घेता यावयाचा, आणि परवान्याविना छापल्यास दर वेळी ४०० रुपये दंड व्हावयाचा. या नियमांत ‘समता’ होती. मात्र ती सर्वांना सारखेच पराधीन करणारी समता होती.

कलकत्ता शहरापुरते असे नियम अमलात यावयाचे तर सुप्रीम कोर्टात त्यांची नोंद व्हावी लागे. ही एक फट शिल्लक होती. तिचा उपयोग ज्यांनी केला त्यांत एकही इंग्रज नव्हता. राममोहन राय, द्वारकानाथ टागोर, प्रसन्नकुमार टागोर आदी सहा जणांनी ३१ मार्च रोजी न्यायाधीश सर फ्रान्सिस मॅकनॉटन याच्यापुढे अर्ज केला. एवढ्या मोठ्या देशात राज्यकर्त्याच्या नजरेआड चुका व्हावयाच्याच. त्या त्याच्या कानावर जाण्याचे साधन त्याने स्वतःच मोडू नये. आणि लोकांच्या तक्रारींना वाट मिळते तेथे बंडे होत नाहीत, ती वाट बुजवलेली असते तेथेच ती होतात, अशी त्या अर्जाची विचारसरणी होती. अर्ज नामंजूर झाला. ४ एप्रिल रोजी नियमांची नोंद झाली. त्यावर विलायतेत राजाकडे अपील गेले, तेही १८२५ साली फेटाळण्यात आले.

राममोहन राय यांचे ‘मिरात-उल-अखबार’ हे फारसी साप्ताहिक एप्रिल १८२२ मध्ये निघाले होते. नियम लागू होताच त्यांनी ते बंद केले आणि त्याची कारणेही छापून प्रसिद्ध केली. मुख्य सचिवाशी ज्याची ओळख आहे त्या युरोपियनाला परवाना सहज मिळेल. पण सामान्य माणसाला त्यासाठी द्वारपाळांची आणि चपराशांची मनधरणी करीत बंगल्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. भर कचेरीत उभे राहून शपथ घेणे ही या देशात अब्रूदार माणसाला कमीपणाची गोष्ट वाटते. आणि एवढे करून मिळालेला परवाना उद्या काढून घेतला तर चारचौघांत मान खाली जाणार. असे त्यांचे म्हणणे होते. सरकारी खलित्यांतील राज्याच्या सुरक्षिततेची भाषा एकीकडे आणि हे साधे निवेदन दुसरीकडे ठेवले, म्हणजे परवाना हे प्रकरण प्रत्यक्षात काय असते ते कळते. कचेरीच्या दारात ताटकळलेल्या कोणालाही ते आजही उलगडून सांगावे लागणार नाही.

ॲडमविषयी आणखी एक गोष्ट नोंदली पाहिजे. त्याच १८२३ सालच्या जुलै महिन्यात, कारकीर्द संपण्याच्या दोनच आठवडे आधी, त्याच्या सरकारने लोकशिक्षणाची सर्वसाधारण समिती स्थापन केली आणि शिक्षणासाठी ठरलेली लाख रुपयांची रक्कम तिच्या हवाली केली. ज्या हाताने छापखाना बांधला त्याच हाताने शाळा उघडली. यात त्याला स्वतःला विसंगती दिसली नसावी.

ती का दिसली नसावी, याचे उत्तर मद्रासमध्ये सापडते. तेथे सर टॉमस मन्रो गव्हर्नर होता. रयतवारीचा हा पुरस्कर्ता. हिंदी लोकांना मोठ्या जागा द्याव्यात असे सतत लिहिणारा. १२ एप्रिल १८२२ रोजी त्याने वृत्तपत्रांविषयी जे टिपण लिहिले त्याच्याइतके सडेतोड लेखन या विषयावर दुसऱ्या कोणा इंग्रज अधिकाऱ्याने क्वचितच केले असेल. जाहीरनाम्यात सरकार कारणे सांगते, टिपणात ते विचार करते. म्हणून इतिहासाला टिपणे अधिक उपयोगी पडतात. मन्रोचे मत थोडक्यात असे होते: मोकळे वृत्तपत्र आणि परकीयांचे राज्य या दोन गोष्टी फार काळ एकत्र राहू शकत नाहीत. वृत्तपत्राचे पहिले काम म्हणजे देशाला परक्यांच्या हातून सोडवणे. ते काम ते करणारच. आणि हिंदुस्थानात या विचारांची लागण प्रथम रयतेला न होता कंपनीच्या देशी पलटणींना होईल, म्हणून धोका अधिक. लोकांना आधी शिकवावे, कारभारात घ्यावे, मोकळे वृत्तपत्र त्यानंतर पुष्कळ काळाने आपोआप येईल; तोपर्यंत मद्रासेत तपासणी चालूच राहावी.

मन्रोच्या या निष्कर्षाला विरोध करता येतो, पण त्याच्या प्रामाणिकपणाला करता येत नाही. आपले राज्य हे लोकांच्या संमतीवर उभे नाही, हे त्याने कागदावर लिहून ठेवले. पुढच्या शंभर वर्षांत ज्या ज्या गव्हर्नरांनी वृत्तपत्रांवर बंधने घातली त्या सर्वांचा मूळ विचार हाच होता. फक्त तो इतक्या उघडपणे बोलून दाखवण्याचे धैर्य त्यांनी केले नाही.

मुंबईचा अनुभव मजेदार आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे नाव मराठी माणूस शाळा, ग्रंथ आणि कोश यांच्याशी जोडतो, आणि ते योग्यच आहे. गव्हर्नर झाल्यावर थोड्याच दिवसांत, १८१९ च्या अखेरीस, त्याने मुंबईतील तपासणी उठवली. पण १८२४ साली ‘बॉम्बे गॅझेट’चा संपादक फेअर याने सुप्रीम कोर्टाच्या कामकाजाचे वृत्त छापले, ते न्यायाधीशाला झोंबले, आणि फेअरला देशाबाहेर पाठवण्याचा हुकूम याच एल्फिन्स्टनच्या सरकारने काढला. पुढच्याच वर्षी ॲडमच्या धर्तीवरचे परवान्याचे नियम मुंबईतही आले, १८२७ साली त्यांत भर पडली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचा ‘दर्पण’ निघाला तो या नियमांच्या छायेतच. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभदिन म्हणून ती तारीख साजरी करताना ही छाया बहुधा आठवत नाही.

आता मेटकाफकडे वळावयास हरकत नाही. त्याचा जन्म कलकत्त्याचा, १७८५ चा. वेलस्लीने काढलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजचा तो पहिला विद्यार्थी. म्हणजे ज्याने वृत्तपत्रांना पहिली वेसण घातली त्याच्याच हाताखाली तो वाढला. चोविसाव्या वर्षी रणजितसिंगाशी अमृतसरचा तह घडवून आणणारा, दिल्ली आणि हैदराबाद येथे रेसिडेंट म्हणून वागलेला हा माणूस कंपनीच्या सत्तेविषयी स्वप्नाळू नव्हता. आपली सत्ता नाजूक पायावर उभी आहे आणि ती एखाद्या सकाळी कोसळू शकते, असे तो वारंवार लिहीत असे. म्हणूनच त्याचा निर्णय विलक्षण वाटतो. मन्रोला जो धोका दिसत होता तो त्यालाही दिसत होता.

२० मार्च १८३५ रोजी बेंटिंकने त्याच्या हाती कारभार दिला. बेंटिंकच्या राज्यात व्यवहारतः वृत्तपत्रे बरीच मोकळी झाली होती. ॲडमचे नियम कागदावर होते, वापरात क्वचित येत. कलकत्त्यातील इंग्रज आणि हिंदी नागरिकांनी ते रद्द करावेत म्हणून फेब्रुवारीत बेंटिंककडे अर्जही केला होता आणि त्याला मोघम उत्तर मिळाले होते. हे मोघमपण पुढे रेटणे मेटकाफला सहज शक्य होते. लॉर्ड ऑकलंड येईपर्यंत फाइल झाकून ठेवली असती तर कोणी नाव ठेवले नसते. त्याने एप्रिलमध्येच मसुदा पुढे आणला. तो लिहिला मेकॉलेने, आणि मेकॉलेचे म्हणणे व्यवहारी होते. वृत्तपत्रे आज मोकळी आहेतच. मग मुस्कटदाबीची बदनामी मात्र सरकारने फुकट का सोसावी? दोन इलाख्यांत परवान्याचे वेगवेगळे नियम आणि तिसऱ्यात आणखी निराळा प्रकार, ही विसंगतीही घालवावयाची होती.

१८३५ चा ११ वा कायदा ३ ऑगस्टला मंजूर झाला आणि १५ सप्टेंबरपासून लागू झाला. बंगालचे १८२३ चे आणि मुंबईचे १८२५ व १८२७ चे नियम रद्द झाले. परवाना गेला. मुद्रक आणि प्रकाशक यांनी मॅजिस्ट्रेटपुढे आपले नाव व छपाईचे ठिकाण जाहीर करावयाचे आणि ते प्रत्येक अंकावर छापावयाचे, एवढेच शिल्लक राहिले. जाहीर न केल्यास ५००० रुपयांपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद ही शिक्षा मात्र हलकी नव्हती. तरीही फरक मूलभूत होता. छापण्यासाठी परवानगी नको. छापल्यावर कोणी छापले हे लपवू नका, आणि गुन्हा झाला तर न्यायालयापुढे उभे राहा. इंग्रजी पत्र आणि ‘दर्पण’ यांत या कायद्याने भेद केला नाही.

जूनमध्येच कलकत्त्याच्या नागरिकांनी सभा भरवून त्याला मानपत्र दिले. त्याला उत्तर देताना मेटकाफने मन्रोचा प्रश्न टाळला नाही. ज्ञानाच्या प्रसाराने आपले राज्य जाईल असे कोणी म्हणत असेल, तर त्यावर त्याचे उत्तर असे होते की, लोकांना अज्ञानात ठेवूनच जे राज्य टिकते ते राज्य देशाला शापच होय आणि ते गेलेलेच बरे. पण आपणास भय वाटते ते ज्ञानाचे नसून अज्ञानाचे. नुसता वसूल गोळा करणे, नोकरांचे पगार देणे आणि तूट आली तर कर्ज काढणे, एवढ्यासाठी आपण येथे आलेलो नाही, असेही त्याने सुनावले. त्यातला पहिला भाग राज्यकर्त्याच्या तोंडी फारसा ऐकू येत नाही. दुसरा भाग, म्हणजे शिकलेली प्रजा राज्याशी अधिक एकनिष्ठ होईल ही आशा, इतिहासाने खोटी ठरवली. भाकीत मन्रोचे खरे ठरले. न्याय मात्र मेटकाफच्या बाजूला होता.

लंडनच्या डायरेक्टरांना हे मुळीच रुचले नाही. एवढा मोठा बदल आपल्याला न विचारता, तोही हंगामी माणसाने करावा, याचा त्यांना राग आला आणि त्यांनी तो १८३६ च्या आरंभीच्या खलित्यात व्यक्त केला. कायदा फिरवण्याचे काम मात्र त्यांनी ऑकलंडवर सोडले, आणि ऑकलंडने त्याला हात लावला नाही; दिलेले स्वातंत्र्य परत घेणे हे ते न देण्यापेक्षा फार अवघड असते. किंमत मोजली ती मेटकाफने. त्याला वायव्य प्रांतांचा लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून आग्र्यास जावे लागले. मद्रासची गव्हर्नरी रिकामी झाली तेव्हा त्याचा हक्क डावलून ती लॉर्ड एल्फिन्स्टनला, मुंबईच्या एल्फिन्स्टनच्या पुतण्याला, देण्यात आली. मेटकाफने राजीनामा दिला आणि १८३८ साली तो हिंदुस्थान सोडून गेला. पुढे जमेका आणि कॅनडा येथे तो गव्हर्नर झाला, ती कथा वेगळी. कलकत्त्याच्या नागरिकांनी वर्गणी काढून हुगळीच्या काठी त्याच्या नावाचे मेटकाफ हॉल बांधले आणि त्यात सार्वजनिक ग्रंथालय ठेवले. गव्हर्नरांचे पुतळे पुष्कळ झाले. कायद्याबद्दल कृतज्ञता म्हणून उभारलेली इमारत ही तशी दुर्मीळच.

त्याने उघडलेले दार बावीस वर्षे उघडे राहिले. १३ जून १८५७ रोजी, उठाव पेटल्यावर महिनाभराने, कॅनिंगने परवान्याची पद्धत पुन्हा आणली, पण मुदत एक वर्षाची ठेवली आणि इंग्रजी पत्रांनाही तीतून सूट दिली नाही. कलकत्त्याचे इंग्रज संपादक या बरोबरीने जितके संतापले तितके कायद्याने संतापले नसावेत. वर्ष संपले तसा तो कायदा संपला. लॉर्ड लिटनचे पाऊल याहून निराळे होते. त्याने १८७८ साली देशी भाषांतील पत्रांपुरताच कायदा केला. जामीनकतबा, अनामत रक्कम, छापखान्याची जप्ती आणि मॅजिस्ट्रेटचा शब्द अखेरचा, अशी त्याची रचना होती. इंग्रजी पत्रे त्यातून मुक्त होती. मेटकाफने जो भेद केला नव्हता तो येथे कायद्याच्या मजकुरातच आला. मंजुरीची तारीख १४ मार्च होती, ॲडमच्या नियमांचीच, पंचावन्न वर्षांनंतरची. कलकत्त्याची ‘अमृत बझार पत्रिका’ तोपर्यंत बंगाली आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघत असे. आठवडाभराने, २१ मार्चला, तिचा अंक निघाला तो सर्वस्वी इंग्रजीत. पुण्यात ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’चा पहिला अंक मराठीत निघाला तेव्हा लिटन परत गेला होता, रिपन आला होता, पण कायदा जागचा हलला नव्हता. तो रद्द व्हावयास आणखी एक वर्ष लागले.